ठाण्याच्या उपवन तलावावर ऐकलेली ती उदास फ्रेंच धून कुठली?

घोडबंदरवाला: काल उपवनला एक काका माउथ ऑर्गनवर काहीतरी वाजवत होते, एकदम उदास पण उठावंसंच वाटेना, विचारलं तर म्हणाले जुनं फ्रेंच आहे, पानं गळतात आणि प्रेम पण संपतं असं काहीतरी, तेवढ्यात त्यांचा फोन आला नि राहिलंच. कोणाला माहितीये?

वाशीकर: ऑटम लीव्हज रे! मूळ फ्रेंच 'ले फॉय मॉर्त', संगीत जोसेफ कॉस्मा, शब्द कवी झाक प्रेव्हेरचे. १९४६ च्या सिनेमात होतं, सिनेमा आपटला पण इव्ह मोंताँने गाऊन गाऊन गाणं तारलं. मग जॉनी मर्सरने इंग्रजी शब्द लिहिले, आणि १९५५ ला रॉजर विल्यम्सचं नुसतं पियानोवरचं व्हर्जन अमेरिकेत एक नंबरला, शब्द नसताना!

कोपरीची_ताई: ते पियानोवालं जरा जास्तच गोडगोड आहे बाबा. १९५८ चं जॅझ सॅक्सोफोनवाल्या कॅननबॉल अ‍ॅडरलीचं ऐक, ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस. रात्री, हेडफोन लावूनच.

घोडबंदरवाला: हेच हेच!! थँक्यू. सकाळपासून मोंताँ लूपवर आहे, आई विचारतेय कोण गेलं.