बाबांच्या लॅपटॉपवर सारखं 'व्हायरस सापडले' येतंय

मिरजेची लेक:
बाबा ७१ वर्षांचे, मिरजेत एकटे असतात. त्यांच्या लॅपटॉपवर (विंडोज ११) तीन दिवस झाले, उजव्या कोपऱ्यात खालून लाल चौकट वर येते: पाच व्हायरस सापडले, लगेच स्कॅन करा. अभंग ऐकत बसले तरी टुंग टुंग चालूच. काल घाबरून त्यांनी त्यावर क्लिक केलं, तर कसलासा प्रोग्रॅम उतरला. त्याने मिनिटभरात ३१२ धोके दाखवले, आता काढायचे तर २,४९९ रुपये भरा म्हणतोय. कार्ड हातात घेऊन त्यांनी मला फोन केला! मी पुण्यात आहे, शनिवारीच जाता येईल. तोवर काय करू?

दुरुस्तीवाला, इचलकरंजी:
पैसे भरू देऊ नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

चौकट नीट बघायला सांगा. तिच्यात बारीक अक्षरात एखाद्या वेबसाइटचं नाव आणि क्रोमचं नाव असेल, तर ती नुसती नोटिफिकेशन आहे. 'रोबोट नसाल तर अलाऊ दाबा' असं सांगून या साइट अशा चौकटी दाखवायची परवानगी मिळवतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आजी-आजोबांचं हेच झालेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगीच्या यादीतली अनोळखी नावं ब्लॉक करा.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा, कालचा पाहुणा वरच दिसेल. अनइन्स्टॉल करा. हटत नसेल तर सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करून. शेवटी विंडोज सिक्युरिटीतून ऑफलाइन स्कॅन. मशीन आपोआप रीस्टार्ट होऊन पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाबांना आधी सांगून ठेवा, मध्येच बटण दाबायचं नाही.

ठाण्याची सूनबाई:
आमच्या सासूबाईंना पूर्ण स्क्रीनभर इशारा आणि खाली फोन नंबर आला होता. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. त्यांनी फोन लावला, समोरच्याने एनीडेस्क (दुसऱ्याला आपली मशीन दुरून चालवू देणारं अ‍ॅप) टाकायला लावलं आणि खात्यातले ४०,००० गेले. असं काही झालंच तर नेट तोडा आणि त्याच मिनिटाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, तोवर उशीर झाला होता.

मिरजेची लेक:
रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांनी स्वतःच केलं. यादीत सात साइट निघाल्या, एक फुकट पंचांगाची. प्रोग्रॅम सेफ मोडमध्येच निघाला. आज सकाळपासून एकही चौकट नाही. दादा, फार आभार.