डीएलटीवर टेम्प्लेट मंजूर, तरी मराठी एसएमएस अडतात. कुठे बघायचं?

पतसंस्था_सांगली
नमस्कार. संस्थेची डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीची ब्लॉकचेनवरची नोंदवही) नोंदणी झाली आहे, हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि मराठी टेम्प्लेटही (मेसेजचा ठरलेला साचा) मंजूर आहेत. तरी हप्त्याच्या आठवणीचे काही मेसेज जातात, काही अडतात. एसएमएस पुरवठादार फक्त 'स्क्रबिंग (नोंदींशी पडताळणी) फेल' एवढंच सांगतो. स्वतःची ब्लॉकचेन उभारावी लागते का?

एसएमपीपी_जाणकार
अजिबात नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटीची ही नोंदवही जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल या कंपन्याच सांभाळतात. त्यात संस्था, हेडर, टेम्प्लेट आणि ग्राहकाची संमती नोंदलेली असते. मेसेज नेहमीच्याच वाटेने जातो, वाटेत या नोंदींशी ताडून पाहिला जातो, एवढंच.

सगळेच अडत असते तर आधी टेलीमार्केटर साखळी (मेसेज पुढे पोचवणाऱ्या कंपन्यांचा क्रम) बघा म्हटलं असतं. पोर्टलवर संस्थेपासून शेवटच्या टेलीमार्केटरपर्यंतचा क्रम नोंदवावा लागतो. ११ डिसेंबर २०२४ पासून तो जुळला नाही की मेसेज नाकारतात. पुरवठादाराने मधेच मार्ग बदलला तरी हेच होतं. त्याला विचारा: मेसेजसोबत जाणाऱ्या १४०० क्रमांकाच्या रकान्यात संस्थेचा आयडी, १४०१ मध्ये टेम्प्लेट आयडी आणि १४०२ मध्ये साखळीचा हॅश (तिच्यावरून काढलेला सांकेतिक कोड) बरोबर जातोय का?

मेसेजमध्ये लिंक असेल तर तीही व्हाइटलिस्ट (पोर्टलवर आधीच नोंदवलेली) हवी. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं आहे.

पण तुमचे *काहीच* अडतात. म्हणजे घोळ मजकुरात किंवा व्हेरिएबलमध्ये (दर मेसेजला बदलणारा भाग). अडलेले मेसेज एकाच ठिकाणाहून जातात का?

पतसंस्था_सांगली
हो! मुख्य कार्यालयाचे जातात, एका शाखेचे अडतात. मजकूर तोच: 'तुमच्या दुसऱ्या हप्त्याची रक्कम...'

युनिकोड_मराठी
'दुसऱ्या'मध्येच घोळ असणार. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, स्क्रबिंगला मात्र दोन वेगळे मजकूर.

दोन्ही ठिकाणचा शब्द एक्सेलमध्ये चिकटवून =LEN लावा. एकीकडे ७ आणि दुसरीकडे ८ आले की सापडलं. शाखेत पुन्हा टाइप करू देऊ नका; पोर्टलवरचा मंजूर मजकूर जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये बसवा, शाखेने फक्त व्हेरिएबलच्या जागी नाव, रक्कम, तारीख भरावी. वर्डमधून कॉपी केलं तर अवतरणचिन्हं बदलतात, तेही टाळा.

एसएमपीपी_जाणकार
बरोबर. आणि खर्चाचंही बघा. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो; तो ७० कोडांचा (अक्षर, मात्रा, हलन्त असं प्रत्येक चिन्ह एक कोड), त्यापुढे लांबला की प्रत्येक तुकडा ६७ चा. 'हप्ता' दोन अक्षरांचा दिसतो, पण पाच कोड खातो. सभासदाचं पूर्ण नाव लांब असलं की मेसेज दोनाचा तीन होतो, म्हणून आडनाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरेत.