पोरांनी एकमेकांचे निबंध वाचावेत की नाही?

निपाणीच्या बाई: काल इथं एका काकांनी लिहिलं, ‘पोरांकडून एकमेकांचे निबंध तपासून घेणं हा मास्तरांचा कामचुकारपणा.’ मी नववीला मराठी शिकवते, म्हणून उत्तर देतेच. एका मुलीनं तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आजीवर लिहिलं. शेजारच्या मुलानं विचारलं, ‘आजी खोकते हे पहिल्याच ओळीत आहे, पण वखारीत ती काय करायची ते कुठंय?’ मुलीनं घरी जाऊन आजीला बोलतं केलं. पुढच्या मसुद्यात जर्दा चाळणं आलं, नाकातोंडाला बांधलेला पदर आला, १९८१ चं निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलनही आलं. लाल पेनानं हे झालं नसतं. मुलांना मी एवढंच सांगते: पेन खाली ठेवून पूर्ण वाचा, कुठं अडलात ते सांगा, दुसऱ्याचं वाक्य तुम्ही लिहू नका.

खानापूरचा काका: तो काका मीच. माझ्या पुतणीनं आईच्या तोंडी ‘काय करूलालीस गे?’ लिहिलं. मैत्रिणीनं खोडून ‘काय करते आहेस?’ केलं, वर ‘अशुद्ध’ म्हणून शेरा. पोरीनं त्यानंतर वहीच दाखवली नाही कुणाला. याला मदत म्हणायचं?

उचगावकर: मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे.

शहापूर गल्ली: बोली जपत बसा! परीक्षेत मार्क कोण देणार?

उचगावकर: संवादाला मार्क कापणाऱ्याला जाब विचारा, पोरीला नाही. घरचं बोलणं लिहायची लाज आपणच पोरांना लावतो, मग मराठी शाळा ओस पडल्या म्हणून मोर्चे काढतो.

शहापूर गल्ली: मोर्च्यावर घसरू नका. आमच्या शाळेत मराठीला कायमचा शिक्षक नाही, अतिथी शिक्षक दरवर्षी बदलतो. नियम पोरांना सांगणार कोण?

निपाणीच्या बाई: म्हणूनच तर मुलांना वाचायला शिकवायचं! काका, तुमच्या पुतणीवर अन्याय झाला. माझ्याकडे मसुद्याच्या वर लिहिणाराच प्रश्न टाकतो, ‘शेवट घाईत झालाय का?’ असा. आधी त्याचं उत्तर. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या मसुद्यात.

खानापूरचा काका: प्रश्न लिहिणाऱ्याचा असेल तर चालेल. एवढंच मान्य. मार्क मात्र तुम्हीच द्यायचे, पोरांनी नाही.

निपाणीच्या बाई: मार्क मीच देते.