गडद, झिजलेल्या कडांच्या फर्निचरला साजेशी बेडरूम कशी करावी?

खिडकीपाशी:
खोली १० × १२ फूट. १० फुटी भिंतीला पलंग (गादी ५ × ६.५ फूट), दोन्ही बाजूंना साइड टेबलं, समोरच्या भिंतीला दोन दारांचं कपाट. सगळं एकाच सेटमधलं. काळपट वाटेल इतका गडद तपकिरी रंग, कडा-कोपरे मुद्दाम घासून आतलं लाकूड दाखवलेलं. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशी फिकट राखाडी. खिडकी एकच, तीही पलंगाच्या डावीकडे आणि थेट ऊन न येणारी. खोली जड दिसते आणि घासलेल्या कडा जुन्या वाटण्याऐवजी कळकट वाटतात. फर्निचर बदलायचं नाही. मग आधी हात कशाला घालावा? पलंगामागची भिंत गडद निळी करावी असंही डोक्यात आहे.

चुना_आणि_काव:
आधी भिंती. कडा कळकट दिसतात त्याला कारण तो शुभ्र पांढराच. त्याच्या शेजारी कुठलंही उघडं लाकूड मळल्यासारखंच दिसणार. त्यातून ऊन न येणाऱ्या खिडकीचा उजेड निळसर असतो, म्हणजे पांढरा आणखी थंड पडतो.

भिंतीचा रंग फर्निचरच्या गडद रंगावरून ठरवू नका, घासलेल्या कडेवरून ठरवा. दिवसा खिडकीशी उभं राहून कडेचं लाकूड नीट बघा. ते मधाळ पिवळसर असेल तर किंचित पिवळ्या झाकेचा ऑफव्हाइट किंवा राखाडी मिसळलेला फिकट हिरवा. लालसर असेल तर हिरवा जपून, कारण त्याच्या शेजारी लाल अजून भडक दिसतो. तिथे वाळूसारखा बदामी बरा. रंगाच्या कार्डावर बहुधा एलआरव्ही (उजेड परतवण्याचा आकडा) दिलेला असतो, तो ६० ते ७० च्या दरम्यान ठेवा. शुभ्र पांढरा ८५ च्या आसपास असतो. एवढं उतरलं तरी फर्निचर आणि भिंतीमधला तुटकपणा कमी होतो.

नमुना थेट भिंतीवर लावू नका, जुना पांढरा रंग डोळ्याला फसवतो. २ × २ फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो कपाटाच्या कडेला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. फिनिश मॅट घ्या. चकचकीत भिंतीपुढे खडबडीत फर्निचर उगाच केविलवाणं दिसतं.

निळी भिंत नको. हेडबोर्ड (पलंगाची डोक्याकडची उभी फळी) तिच्यात बुडून जाईल.

मंद_दिवा:
भिंतींबद्दल सहमत, निळ्याबद्दल नाही. गडदामागे गडद आला की पलंगाची बाह्यरेषा विरते, म्हणून तो उलट हलका वाटतो आणि नजर घासलेल्या कडांवर जाते. पण हे जमतं ते फक्त हेडबोर्डच्या दोन्ही बाजूंनी दिवे असतील तरच. छतावरच्या एकाच दिव्यात ती भिंत म्हणजे भोक.

दिवे २७०० केल्विनचे (उबदार पिवळसर उजेडाचे), सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. सीआरआय कमी असेल तर तपकिरी रंग मातकट, मेलेला दिसतो आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. गडद लाकूड उजेड पितं, त्यामुळे खोलीत सगळे मिळून २००० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) धरा: साइड टेबलांवर प्रत्येकी ४५०, उरलेले छताला आणि कपाटाच्या बाजूला. पलंगावर टेकून बसल्यावर शेडची खालची कड हनुवटीच्या पातळीला यावी. त्याहून वर गेली तर बल्ब डोळ्यात.

दिव्याचा बुंधा गुळगुळीत असू दे, काच किंवा चिनीमाती. तोही झिजवलेला घेतलात तर खोली अडगळीची दिसेल.

खिडकीपाशी:
आभारी आहे. कडेचं लाकूड मधाळच आहे. रग (गालिचा) आणि पडद्यांचं काय? शिवाय पुसताना फडक्याचे धागे कडांना अडकतात, ते कसं थांबवायचं?

चुना_आणि_काव:
रग ६ × ९ फूट, पलंगाखाली आडवा. हेडबोर्डपासून २ फूट सोडून सुरू केलात तर दोन्ही बाजूंना २-२ फूट आणि पायथ्याशी साधारण दीड फूट बाहेर येतो. कपाटाची दारं उघडायची आहेत, तेव्हा जाड लोकरीचा नको, सपाट विणीचा घ्या. फरशी थंड राखाडी असल्याने रगात उबदार रंग हवाच.

पडद्याची दांडी खिडकीच्या वर ६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८-८ इंच जास्त, म्हणजे पडदे सारल्यावर काच पूर्ण मोकळी राहते. कापड रुंदीच्या दुप्पट, नाहीतर चुण्या पडत नाहीत. चादर मोतिया रंगाची, जाडसर सुती. काळी-तपकिरी नको, गडद रंग आधीच भरपूर आहे.

रंधा_१२०:
धागे अडकतात म्हणजे कडांचे तंतू उघडे आहेत. खात्री करून घ्या: न दिसणाऱ्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. पाच मिनिटांत लाकूड काळवंडलं तर वर थर नाही. तसाच राहिला तर कारखान्यातलं लॅकर (लाकडावरचा संरक्षक थर) बहुधा शाबूत आहे. तंतू तेवढे हलक्या हाताने दाबून घासा आणि थांबा.

थर नसेल तर आधी मेण लावलेलं आहे का ते तपासा. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर चिकट, पिवळट थर आला तर मेण आहे. मेणावर पाण्याच्या बेसचं वार्निश धरत नाही, थेंब-थेंब होऊन गोळा होतं, म्हणून तिथे पुन्हा मेणच. मेण नसेल तर कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासा, धूळ पुसा, पाण्याच्या बेसचं मॅट पॉलियुरेथिन वार्निश पातळ दोन हात. पहिल्या हाताने तंतू पुन्हा उभे राहतात, म्हणून मध्ये एकदा घासणं चुकवू नका. ऑइल बेसचं वार्निश घेऊ नका, उघड्या लाकडाला पिवळं करतं आणि वर ठरवलेली भिंतीची झाक मग जुळणार नाही.

फर्निचर खरोखरच जुनं असून रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर कोरडं घासूच नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

सिलिकॉनचा चमक-स्प्रे मारू नका. पुढे कधी रंग द्यायचा म्हटलं तर तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुसायला मायक्रोफायबर, जेमतेम ओलसर.