जमीन न देता टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) विकता येतो का? मदत हवी आहे

बांधकरी:
नमस्कार मंडळी. पुण्यालगत आमची सव्वापाच एकर सामायिक बागायत आहे. 1997 साली गाव महापालिकेत आलं. सातबाऱ्यावर वडील आणि धाकटे काका. विहिरीला बारमाही पाणी, मेथी-कोथिंबीर रोज पहाटे मार्केट यार्डात जाते. दोन्ही बांधांपलीकडे इमारती उभ्या राहिल्यात. काका म्हणतात, विकून मोकळं होऊ. त्यांना मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत, त्यात त्यांचं काही चूक नाही. वडील या विषयावर जेवणाच्या ताटावरून उठतात.

माझी ताई अमेरिकेत मेरीलँडला मॉन्टगोमेरी काउंटीत राहते. वॉशिंग्टनला अगदी खेटून असूनही तिथे मैलोन्‌मैल शेतं कशी, हे तिने शोधून काढलं. 1980 साली काउंटीने 93 हजार एकर शेतीसाठी राखले. आधी पाच एकरांना एक घर चालायचं, ते पंचवीस एकरांना एक केलं. शेतकऱ्याचं नुकसान नको म्हणून बांधकामाचे हक्क मात्र जुन्याच हिशोबाने दिले. म्हणजे 100 एकरवाल्याला 20 हक्क, जागेवर घरं चारच. उरलेले 16 हक्क तो बिल्डरला विकतो आणि बिल्डर ते काउंटीने ठरवून दिलेल्या दुसऱ्या भागात वापरतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते. फक्त तिच्यावर कायमचा बोजा नोंदवतात, आपल्या 'इतर हक्कां'त नोंद पडावी तसा.

(तिकडच्या मापाने आम्हाला एकच हक्क मिळाला असता, ते सोडा.)

टीडीआर आपल्याकडेही आहे. मग आम्ही तो विकून काकांना पैसे द्यायचे आणि शेत कसत राहायचं, असं जमेल का? एक एजंट 'करून देतो' म्हणतोय आणि कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या मागतोय.

निळी रेघ:
आधी त्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. सही कशावरही नको.

मी आर्किटेक्ट आहे, टीडीआरच्या फायली घेऊन बरेच जिने चढलोय. आपल्याकडे टीडीआर मिळतो तो मुख्यतः आरक्षणाखालची किंवा डीपी (विकास आराखडा) रस्त्यात जाणारी जमीन महापालिकेच्या ताब्यात दिल्यावर, पैशांच्या मोबदल्याऐवजी. एमआरटीपी कायदा (राज्याचा नगररचना कायदा), कलम 126. 2020 च्या नियमावलीप्रमाणे गावठाणाबाहेर, दाट वस्ती नसलेल्या भागात, दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट. पण सातबारा त्यांच्या नावावर झाल्याशिवाय सर्टिफिकेट हातात पडत नाही. जमीन ठेवून हक्क विकण्याच्या जवळ जाणारी सोय हेरिटेज वास्तूंना आहे. मालक वास्तू ठेवतो, न वापरलेला एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) विकतो. शेताला तशी सोय नाही.

आणखी एक मेख आहे. शेती विभागात एफएसआय नावापुरताच असतो. विकायला हवं काहीतरी! मॉन्टगोमेरीत आधी घरं बांधायचा हक्क होता, म्हणून तो विकता आला.

माळावरचा:
आमच्या टेकडीवर बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) पडलं. 8 टक्के टीडीआर देऊ केला, तोही जमीन देऊन. हेरिटेज व्हायला शेताने काय पेशवाईत जन्म घ्यायचा का?

निळी रेघ:
@बांधकरी, एक करा. झोन दाखला आणि डीपीचा नकाशा काढा. शेताच्या कडेने रस्ता किंवा आरक्षण जात असेल, तर रीतसर वाटणीपत्र करून तो तुकडा काकांच्या हिश्श्यात टाका. त्याचा टीडीआर त्यांनी विकावा. दर रोज बदलतो, म्हणून दोनतीन ठिकाणी विचारा. उरलेलं तुमच्या वडिलांकडे. पण काकांना आकडे दाखवूनच, नाहीतर पुढे कोर्टात भेटाल.

बांधकरी:
धन्यवाद. काकांना हे पटलं, निदान नकाशा बघू म्हणाले. वडील ताटावरून उठले नाहीत.

काल दाखला आणि नकाशा, दोन्ही मिळाले. रस्ता आहे. पण कडेने नाही, बरोबर विहिरीवरून जातो. विहिरीचा मोबदला वेगळा धरतात का? आणि रस्त्याची आखणी थोडी सरकवून मिळाल्याचं कुणाच्या पाहण्यात आहे का?