मदत हवी आहे: बॉटला 'परवा' कळत नाही

खटपट्या: दोन दिवस डोकं फुटायची वेळ आलीय. मराठीत वाक्य टाइप केलं की कॅलेंडरमधलं शोधून देणारा बॉट बनवलाय, काल आणि उद्या बरोबर येतात पण परवा म्हटलं की कधी बरोबर कधी भलताच दिवस. टाइमझोन बघून झाला. पटकन सांगा कुणीतरी, संध्याकाळी डेमो आहे.

निवांत: भलताच म्हणजे कुठला? वाक्य काय टाकलंस? कोड कुठाय?

कळफलक: इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड सोडा आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची ठरलेली कळरचना, शिका. आठवडाभर बोटं अडखळतात, मग हात बसतो.

निवांत: कळफलक, त्याला टाइप करता येतंय हो.

खटपट्या: कोडमध्ये काय बघायचंय, साधी डिक्शनरी आहे. काल वजा १, उद्या अधिक १, परवा अधिक २. वाक्य 'परवा कुणाकुणाला भेटलो'.

निवांत: अरे 'भेटलो' ना! होऊन गेलेल्या भेटी पुढच्या तारखेत कशा सापडतील? आपला परवा दोन्हीकडचा असतो, तेरवाही तसाच. शेवटचं क्रियापद बघ, भेटलो की भेटायचंय, त्यावरून वजा का अधिक ते ठरव.

मॉडेलवाला: हे नियमबियम कोण लिहीत बसतंय आता, सरळ मोठं लँग्वेज मॉडेल लावा, एका प्रॉम्प्टमध्ये काम.

निवांत: लाव की. पण प्रॉम्प्टमध्ये आजची तारीख दिली नाहीस तर ते आजचा दिवसही अंदाजानेच सांगणार. आणि 'परवाची मीटिंग दाखव' यात काळच नाहीये, मॉडेल तरी काय करणार बिचारं.

मॉडेलवाला: संदर्भावरून ओळखतं. सहा महिने वापरतोय, एकदाही चुकलं नाही.

निवांत: चुकलं नाही की तुझ्या लक्षात आलं नाही?

जुनं_खोड: मशीनशी बोलायची हौसच मला कळत नाही, तारखेचं बटण दिलं असतं तर हा धागाच निघाला नसता. तरी सांगतो. १९७० च्या सुमारास एमआयटीत टेरी विनोग्राडने श्रडलू नावाचा प्रोग्राम केला होता, पडद्यावरचे ठोकळे इंग्रजी हुकमाने हलवायचा. वाक्यातलं 'तो' कुणाला उद्देशून आहे अशी शंका आली की आपण कुठला ठोकळा धरला ते आधी सांगायचा. तुझा बॉट गपचूप अधिक २ करून मोकळा होतो, खरी गडबड ती आहे.

मॉडेलवाला: ठोकळ्यांपुढे कुठे गेला तो प्रोग्राम.

जुनं_खोड: ठोकळ्यांत तरी खरं बोलायचा.

खटपट्या: झाला डेमो!! क्रियापद बघतो आता, 'आलेले' 'येणारे' पण धरले, आणि काहीच कळलं नाही तर दोन बटणं दाखवतो, आज सोमवार १४ तर 'शनिवार १२' आणि 'बुधवार १६'. बटणंच आली शेवटी, खोडसाहेब खूश असतील. पण आता नवीनच. सरांनी त्यांच्या मशीनवर 'दुसऱ्या दिवशीचं दाखव' टाकलं, काहीच आलं नाही. माझ्याकडे तेच वाक्य चालतं.

निवांत: तेच दिसतंय, तेच नसेल. ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात ऱ हे वेगळंच अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोड नॉर्मलाइज करूनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची नेहमीची पद्धत वापरूनही, हे दोन एक होत नाहीत, स्वतः बदलून घ्यावं लागतं. सर कुठला कीबोर्ड वापरतात?

खटपट्या: फोनेटिक.

कळफलक: मी सुरुवातीलाच म्हटलं होतं.