मीटर आणि दिवा एकाच डब्यात: रोज सायकल चालवणाऱ्यांनी अनुभव लिहा

मंडळी, रोज सायकलने ऑफिसला जातो, एका बाजूचे ९ किलोमीटर, येताना अंधार ठरलेलाच. हँडलवर सध्या टॉर्च, स्पीड आणि किलोमीटर दाखवणारा वायरवाला मीटर, मोबाईलचा स्टँड आणि घंटी, म्हणजे हात कुठे ठेवायचे हाच प्रश्न. मीटरची वायर दोनदा तुटली, पार्किंगमध्ये शेजारच्या सायकलच्या पॅडलमध्ये अडकून. म्हणून तो वायरलेस मीटर घ्यावा म्हणतोय ज्याच्या तोंडालाच दिवा असतो. खोक्यावर काय छापलंय ते मलाही वाचता येतं, ते नकोय. वापरलाय त्यांनीच लिहा, आणि काढून टाकला असेल तर का ते आधी लिहा.

* * *

दीड वर्ष वापरला, मग भावाला देऊन टाकला. गोची अशी की स्क्रीन नीट दिसायला डबा आपल्याकडे थोडा कलता लागतो आणि तसा कलवला की दिव्याचं तोंड वर. समोरून येणारा डोळ्यांवर हात घेऊन शिव्या घालत जायचा, आणि एवढं करून मला रस्ता दिसायचा नाही तो नाहीच. दिवा खाली वाकवला तर आकडे बघायला कासवासारखी मान पुढे काढा. शेवटी मी दिव्याचं ऐकलं आणि आकडे घरी पोचल्यावर बघायला लागलो. मग हँडलवर मीटर कशाला, असं बायकोने विचारलं, त्यावर उत्तर नव्हतं. दिवा आणि स्क्रीन वेगवेगळी फिरत असतील तरच घ्या.

* * *

माझं तिसरं वर्ष चाललंय आणि मी खूश आहे, पण पहिला महिना डोकं उठलं होतं. दिवा बंद असताना मीटर एकदम शहाणा, आणि दिवा फुल केला की स्पीड शून्य, मधूनच ७० वगैरे, तेही सिग्नलला उभा असताना! वाटलं पीस खराब. नंतर कळलं की दिव्याच्या सर्किटचा आवाज (कानाला ऐकू येणारा नाही, रेडिओतल्या खरखरीसारखा) सेन्सरच्या (पुढच्या चाकाच्या चिमट्यावर बसतो, स्पोकवरचं चुंबक जवळून गेलं की मीटरला कळवतो) सिग्नलमध्ये घुसतो, आणि साध्या ॲनालॉग वायरलेसची पोच असते जेमतेम ६०-७० सेंटीमीटर, त्यामुळे सेन्सर खाली चाकाच्या आसाजवळ असेल तर मीटरला तो ऐकूच येत नाही. म्हणून सेन्सर चिमट्यावर वर सरकवला. आता वर सरकवला की नवीन भानगड, तिथे स्पोक चिमट्यापासून लांब जातात आणि चुंबक पोचत नाही. फट दोन-चार मिलिमीटरच लागते. शेवटी जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून सेन्सरखाली घातला, झिप टाय आवळले, चाक हाताने फिरवलं आणि स्क्रीनवर आकडा उगवला तेव्हा मी पार्किंगमध्ये एकटाच हसत होतो. चुंबक रिमजवळ सरकवल्याने अंतर चुकेल का असं कुणी विचारेल, नाही चुकत, मीटर फेऱ्या मोजतो आणि फेरी ती फेरीच. डिजिटल, म्हणजे ब्लूटूथ किंवा अँट प्लसवाला (तीही ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत) घेतलात तर ही खटपट सहसा होत नाही.

* * *

वरच्यांनी फेऱ्यांचा विषय काढलाच आहे तर चाकाचा घेर नीट घाला हो. मी पुस्तिकेतला पहिला दिसलेला आकडा, २१५५, घालून मोकळा झालो, तो ७०० बाय ३२ टायरचा होता आणि माझं चाक २६ बाय १.९५ चं, ज्याचा घेर साधारण २०५० मिलिमीटर. म्हणजे शंभराला पाच जास्त. तीन महिने मित्रांना सांगत सुटलो की माझा स्पीड वाढलाय! टायरवर खडूची खूण करा, सायकलवर बसून (वजनाने टायर दबतो म्हणून) बरोबर एक फेरी पुढे जा, जमिनीवरचं अंतर टेपने मोजा, तोच आकडा घाला. पाच मिनिटांचं काम.

* * *

एकच बॅटरी, दोन कामं. दिवा रात्री बॅटरी खातो आणि सकाळी मीटर मेलेला. माझ्याकडे तर एकदा उलट झालं, परतीच्या वाटेत दोन्ही एकदम गेले आणि उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालत. साध्या मीटरचा सीआर२०३२ (नाण्यासारखा चपटा) सेल वर्षभर निघायचा. आता खिशात छोटी टॉर्च असतेच, म्हणजे शेवटी दिवे दोनच झाले.

* * *

आम्ही बाटलीएवढा डायनॅमो टायरला टेकवून चालवलेली पिढी. ६ व्होल्ट, ३ वॉट, पॅडल जड आणि थांबलं की अंधार. चार्जिंग विसरायची सोय नव्हती एवढं मात्र खरं.

* * *

ल्युमेनच्या (दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याच्या) आकड्याला भुलू नका, उजेड पडतो कुठे ते बघा. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, खड्डा दिसून ब्रेक लागेपर्यंत निदान १५ मीटर पुढचं तरी दिसायला हवं. माझ्या डब्याचा दिवा चाकापुढे एक गोल पांढरी ताटली पाडतो, बस. रस्त्याला दिवे आहेत तिथे दुसऱ्यांना आपण दिसावं म्हणून ठीक, काळोखात वेगळा दिवा हवा. आणि काळोखात तो लुकलुकणारा मोड नको, खड्डा किती लांब आहे त्याचा अंदाजच येत नाही.

* * *

पाऊस: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतात, बुडवाबुडवी नाही. माझा गेला तो चार्जिंगच्या रबरी झाकणामुळे, नीट दाबलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून वाफ. चूक माझीच. पुढे टोपली असेल तर मात्र विचारच करू नका, दिवा टोपलीच उजळवत बसतो.

* * *

धागा मीच काढला होता. सगळं वाचलं. माझ्या वाटेत शेवटचे २ किलोमीटर रस्त्याला दिवे नाहीत आणि खरे खड्डे तिथेच, म्हणजे ताटलीवाला दिवा बाद. टॉर्च राहू दे, नुसता वायरलेस मीटर घेतो आणि मोबाईलचा स्टँड काढतो, तसाही फोन खिशातच असतो. एक शंका राहिली, सेल बदलला की एकूण किलोमीटर पुसले जातात का?

* * *

माझ्या जुन्याचे पुसले जायचे. काढण्याआधी आकडा लिहून ठेवा, बऱ्याच मीटरमध्ये सेटिंगला जाऊन परत घालता येतो. मी सीटखाली मार्करने लिहितो.